मांडीवर बसून खेळायचे खेळ

मुलांच्या हातात मोबाईल द्यावा की देऊ नये, यावर आपल्याकडे बक्कळ बोलून झालं आहे. त्याच मोबाईलवर किंवा संगणकावर आई-बापाने लेकराशेजारी बसून काय खेळावं, यावर मात्र मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. बंदीची भाषा सोपी असते, तिला टाळ्याही मिळतात. दुसऱ्या प्रश्नासाठी खेळ उघडून बघावे लागतात, कंटाळवाणे सोडून द्यावे लागतात, आणि चार वर्षांच्या पोरापुढे हरण्याची तयारी ठेवावी लागते. हा आढावा या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि तो मी मुद्दाम सेमाडोहपासून सुरू करतो.

परतवाड्याहून घाट चढून धारणीकडे निघालं की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती. भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं सागाचं जंगल. देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांतला हा एक. बाहेरच्यांना सेमाडोह ठाऊक असतं ते वनखात्याच्या पर्यटन संकुलामुळे. पण गाव आणि भोवतालचा मुलूख कोरकूंचा आहे. घरात कोरकू, शाळेत मराठी, बाजारात हिंदीमिश्रित वऱ्हाडी आणि फोनच्या पडद्यावर इंग्रजी, अशा चार भाषांत इथलं लेकरू वाढतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाली-मुंडारीशी तिचं रक्ताचं नातं, मराठीशी फक्त शेजार.

संगणक म्हणजे इथे फोन. तोही बहुतेक घरांत एकच, आणि तो घरातल्या कर्त्या माणसाबरोबर कामावर जातो. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं सपाटीवर मजुरीला उतरतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. बरीच मुलं आश्रमशाळेत राहतात, म्हणजे आई-बापाची गाठ सुट्टीतच पडायची. ‘रोज संध्याकाळी अर्धा तास मुलांसोबत घालवा’ हा मासिकांतला लाडका सल्ला इथे कुणाला द्यायचा? रेंजचा भरवसा नाही, फोन स्वस्तातला, त्यात जागा कमी, आणि आईला वाचता येईलच असं नाही. या चाळणीतून जो खेळ खाली उतरेल तो अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, पुण्याच्या कोथरुडात किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरातही चालेल. उलट मात्र होत नाही.

आधी डॉक्टरांचं ऐकून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसात एक तासापेक्षा जास्त बसू नये, कमी तितकं चांगलं. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही जवळपास तीच आहे: दोन वर्षांपर्यंत काहीच नाही, दोन ते पाचमध्ये फार तर एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीत, पाच ते दहामध्ये दोन तासांहून कमी. यातला ‘देखरेखीत’ हा शब्द लोक वाचून सोडून देतात. देखरेख म्हणजे लांबून ‘बस झालं आता’ असं ओरडणं, असा आपला समज. शेजारी बसणं ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

शेजारी बसण्याने काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेत बराच झाला. ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात मोठ्यांना हसू येईल असे विनोद जाणूनबुजून घातले होते, म्हणजे आई खोली सोडून जाणार नाही. त्याच परंपरेतल्या जोन गँझ कूनी सेंटरने २०११ मध्ये लोरी ताकेउची आणि रीड स्टीव्हन्स यांचा एक मोठा अहवाल काढला. घरातल्यांनी मिळून पडदा वापरणं हीच एक शिकण्याची रीत आहे आणि खेळ करणाऱ्यांनी ती डोळ्यांपुढे ठेवून खेळ घडवावेत, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २८७ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. वयाला साजेसे खेळ आई-बापासोबत खेळणाऱ्या अकरा ते सोळा वर्षांच्या मुलींचं घराशी नातं जास्त घट्ट आणि वागणं बरं दिसलं. मुलग्यांत तसा फरक सापडला नाही. हा संबंध आहे, कारण नव्हे. ज्या घरात बाप मुलीसोबत खेळतो त्या घरात इतरही गोष्टी बऱ्या असणारच. तरी ‘व्हिडिओ गेम म्हणजे वाया जाणं’ एवढंच ऐकलेल्यांनी हे वाचावं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक छोटा अभ्यास. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३७ आई-बाप आणि त्यांची दोन-तीन वर्षांची पोरं यांना कागदी पुस्तक दिलं, मग टॅब्लेटवरचं साधं पुस्तक आणि मग आवाज-हालचालींनी सजवलेलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. कागदी पुस्तकासोबत आई-बाप आणि मूल जास्त बोलले, पडद्यावरच्या पुस्तकांसोबत कमी; पडद्यासमोर बोलणं झालं तेही पुष्कळदा ‘हे दाबू नको, ते धरू नको’ अशा थाटाचं. यंत्र बडबडायला लागलं की माणूस गप्प होतो. खेळ निवडताना मी हीच फूटपट्टी लावतो: हा खेळ आईला बोलायला किती जागा ठेवतो? चित्रं किती सुरेख, ‘शैक्षणिक’ असा शिक्का आहे का, किती बक्षिसं मिळाली, हे सगळं त्यानंतर.

आपल्या घरांत हा प्रकार नवा नाही. नव्वदच्या दशकात अकोला-अमरावतीच्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. पिवळ्या-लाल कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असं छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-सात खेळ फिरून फिरून असायचे. मारिओ, काँट्रा आणि ज्याला सगळे नुसता ‘टँकवाला’ म्हणत तो बॅटल सिटी. त्याला दोन रिमोट असत, हा त्याचा मोठा गुण. बॅटल सिटीत दोघांनी मिळून एकाच गरुडाची राखण करायची असते, त्यामुळे बाप आणि पोरगा एकाच बाजूने लढत. बाप हमखास आधी मरायचा. पोराला त्याचा जो आनंद व्हायचा तो कोणत्याही मार्कांनी होत नसे. मोठा माणूस खरोखर हरतोय, खोटं खोटं नाही, हे मुलाला लगेच कळतं.

मग घरात संगणक आला आणि गोष्ट बिघडली. संगणकाच्या टेबलासमोर खुर्ची एकच. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग परतवाड्यापर्यंत पोचले, आणि कितीतरी आया-बाप माऊस धरायला पहिल्यांदा तिथे शिकले. पण ते शिकले ते नोकरीसाठी, प्रमाणपत्रासाठी. पोरं सायबर कॅफेत डेव्ह आणि रोड रॅश खेळत होती. एकाच घरात दोघं संगणक शिकत होते आणि दोघांची भेट होत नव्हती. पुढे फोन आला तेव्हा तर खुर्चीही गेली. पडदा तळहाताएवढा, एकाने वाकून बघायचं आणि दुसऱ्याने ‘दाखव ना’ म्हणायचं. आता एकच उपाय उरला आहे, मांडी.

या काळात महाराष्ट्रात जे प्रयोग झाले त्यांतला एक नीट आठवावा असा आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या निकोलस निग्रोपोंटे यांच्या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्यावर झाला. शाळा एकशिक्षकी, विद्यार्थी वीस-बावीस. हिरवा-पांढरा, कानासारख्या दोन अँटेना उभारलेला छोटा लॅपटॉप मुलांना मिळाला. त्यातली प्रणाली ‘शुगर’ नावाची होती, आणि तिच्यातल्या दोन गोष्टींना आजही तोड नाही. एक, ‘मेमराइझ’ हा जोड्या लावायचा खेळ मुलांना स्वतः बनवता येई: आपण काढलेलं चित्र, आपण भरलेला आवाज. म्हणजे आजीचा आवाज आणि आजीचा फोटो अशी जोडी लावता येते. दुसरी, जवळच्या दोन लॅपटॉपवरची मुलं इंटरनेटशिवाय एकाच चित्रावर मिळून काम करू शकत. या मोहिमेआधीची कंबोडियातली एक हकिकत निग्रोपोंटे सांगत असत: आई-बापांना लॅपटॉप आवडला, कारण अंधाऱ्या घरात सगळ्यात जास्त उजेड त्याचाच पडायचा. हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. उजेड आहे म्हणून घर त्याभोवती बसलं. पुढे स्वस्त फोन आले आणि ही मोहीम मागे पडली, पण शुगर मुक्त सॉफ्टवेअर म्हणून अजून जिवंत आहे.

याच्या उलट टोकाला सुगत मित्रांचा ‘भिंतीतला संगणक’. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत त्यांनी भिंतीत संगणक बसवला आणि मोठ्यांनी दूर राहावं, मुलं आपली आपण शिकतील, असं दाखवलं. २०१३ मध्ये टेड पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी ज्या प्रयोगशाळा उभारल्या त्यांतली एक आपल्या फलटणला होती. मुलं शिकतात हे खरंच आहे. पण त्या मांडणीत आई-बापाला जागाच नव्हती, आणि सेमाडोहसारख्या ठिकाणी आई-बाप आधीच इतके बाहेर आहेत की त्यांना आणखी बाहेर ठेवण्याची गरज मला दिसत नाही.

आणि हरिसाल. सेमाडोहहून धारणीच्या वाटेवरचंच गाव. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने ते पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट, दूरवैद्यक, ई-शाळा. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी हरिसालचा व्हिडिओ लावून त्या दाव्यांवर प्रश्न उभे केले आणि गाव राजकारणाच्या तोंडी पडलं. त्या वादात मला शिरायचं नाही. एवढंच नोंदवतो की या सगळ्या योजनांत आरोग्य होतं, शेती होती, बँक होती, शाळा होती. आई आणि मूल मिळून काहीतरी मजेचं करतील, हा विचार कुठेच नव्हता. गरिबाच्या घरी तंत्रज्ञान जातं तेव्हा ते नेहमी कामाचे कपडे घालूनच जातं.

आता खेळांकडे. पहिली अडचण: पाच वर्षांचं मूल आणि तीस वर्षांचा माणूस एकाच खेळात बरोबरीने कसे उतरणार? याची उत्तरं वेगवेगळी निघाली आहेत.

सगळ्यात जुनं उत्तर नशिबाचं. फासा लहान-मोठा बघत नाही. म्हणून महाराष्ट्रातच बनलेला ‘लुडो किंग’ इतका चालला. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीच्या विकाश जयस्वाल यांनी तो २०१६ मध्ये आणला, २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला आणि पुढे पन्नास कोटींहून जास्त वेळा उतरवून घेतला गेला. लोक तो दूरच्या भावंडांशी ऑनलाइन खेळतात, पण त्यातला सगळ्यात चांगला भाग दुर्लक्षित राहतो: इंटरनेट बंद ठेवून एकच फोन हातोहात फिरवत खेळायचा प्रकार. सापशिडीही त्यात आहे. मोजणी सहापर्यंत येत असली की बस, आणि आजी, आई, दोन पोरं एका घोंगडीवर बसू शकतात. जमिनीवर खडूने पट आखून कवड्यांनीही हेच होतं आणि तिथे बॅटरी संपत नाही, हेही सांगायला हवं. घरात पट असेल तर फोन कशाला?

दुसरं उत्तर असमानतेचं: दोघांची कामंच वेगळी. याचा उत्तम नमुना आपल्याकडे जुनाच आहे, वाघ-बकरी. महाराष्ट्रात तो वेगवेगळ्या पटांवर खेळतात. नेपाळात बाघचाल म्हणतात तो पंचवीस बिंदूंचा, चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा. वाघांनी पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकले, बकऱ्यांनी चारही वाघ कोंडले की बकऱ्या. पोराला वाघ द्या. उडी मारून खाणं त्याला पटकन समजतं. मिळून कोंडणं अवघड, ते मोठ्याने करावं. फोनवर याची बरीच छोटी ॲप मिळतात, दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची. मेळघाटातल्या लेकराला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

महागड्या खेळांतही हीच युक्ती दिसते. निन्टेंडोच्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’त २००७ साली दुसऱ्या खेळाडूला एक गमतीचं काम दिलं होतं: धावणं-उड्या मारणं पहिल्याने करायचं, दुसऱ्याने नुसता पडद्याकडे रोख धरून तारे गोळा करायचे आणि शत्रूला थोपवून धरायचं. तो मरत नाही, हरत नाही, पण उपयोगी पडतो. २००५ पासूनच्या ‘लेगो स्टार वॉर्स’ मालिकेत दुसरा खेळाडू हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो. भात उतरवायला आई उठली तरी खेळ अडत नाही. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी हे दोन जरूर बघावेत. सेमाडोहला हे यायचे नाहीत, पण त्यांतली कल्पना फुकट आहे: फोनवरच्या कुठल्याही धावायच्या खेळात दिशा एकाने आणि उडी दुसऱ्याने सांभाळायची. पोरांना ती अंगठ्यांची भागीदारी भयंकर आवडते.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं: मिळून बुचकळ्यात पडणं. चेक प्रजासत्ताकातला अमानिता डिझाइन हा छोटा कारखाना २००३ पासून असेच खेळ करतो आहे. ‘समोरोस्त’, ‘मशिनेरियम’, ‘बोटॅनिक्युला’, ‘चुचेल’. यांत संवादच नाहीत. पात्रं पुटपुटतात, गुरगुरतात, डोक्यावरच्या फुग्यात चित्रं काढून मनातलं सांगतात. २०१२ च्या ‘बोटॅनिक्युला’त झाडावर राहणारे पाच चिमुकले जीव आपल्या झाडाचं शेवटचं बी बांडगुळी किड्यांपासून वाचवायला निघतात. पानावर बोट ठेवलं की काहीतरी होतं, फांदीवर ठेवलं की आणखी काहीतरी. नियम कोणी सांगत नाही, घाई नाही, गुण नाहीत. पोरगी म्हणते इथे दाब, बाप म्हणतो तिथे, आणि पुष्कळदा पोरगीच बरोबर निघते. काळे कोळी जरा भीतीदायक आहेत. चार वर्षांखाली नको. हा विकतचा खेळ आहे, एकदा घेतला की संपलं.

शब्द नसलेल्या खेळांचा फायदा केवळ स्वस्त भाषांतराचा नाही. यंत्राने गोष्ट सांगितली नाही की ती घरच्यांना सांगावी लागते, आणि ती मग त्या घरच्या भाषेतच सांगितली जाते. सेमाडोहच्या घरात बोटॅनिक्युला कोरकूत चालतो, दर्यापूरला वऱ्हाडीत, डॅलसला मराठीत. परदेशातल्या ज्या मराठी आई-बापांना पोरांच्या तोंडी मराठी यावं असं वाटतं, त्यांनी मराठी मुळाक्षरांची ॲप शोधण्याऐवजी असा मुका खेळ घेऊन त्यावर मराठीत गप्पा माराव्यात. बाराखडीच्या ॲपमध्ये मूल ‘ग गणपतीचा’वर बोट ठेवतं आणि आई फोन बघायला मोकळी होते, त्याने भाषा येत नाही.

चित्रं काढायची साधनं याच जातीची. ‘टक्स पेंट’ हा बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा चित्रकलेचा फळा. जाहिरात नाही, पैसे नाहीत, जुन्या संगणकावर चालतो, अँड्रॉइड फोनवरही मिळतो. शिक्के मारता येतात, ‘जादू’च्या ब्रशने पाऊस-गवत पाडता येतं, आणि प्रत्येक रेघेला काहीतरी आवाज येतो. आईने झाड काढायचं, पोराने त्यात माकड बसवायचं. वाचता न येणाऱ्या आईला इथे काही कमी पडत नाही.

‘जीकाँप्री’ थोडा वेगळा. फ्रान्सच्या ब्रुनो कूदोआँ यांनी २००० मध्ये सुरू केलेला, आता केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाकडे असलेला हा शंभरावर छोट्या खेळांचा पेटारा. दोन ते दहा वर्षांसाठी. बदकं मोजा, पाइप जोडा, बुद्धिबळ, कालवा भरून होडी पुढे न्या. सगळे खेळ सारखे चांगले नाहीत; निम्मे तर शाळेच्या स्वाध्यायासारखे सुकलेले आहेत. पण होडीचा खेळ, पाण्याचं चक्र, ठिपके जोडून चित्र असे पंधरा-वीस काढून ठेवले तर एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी जाते. इंटरनेट लागत नाही, आणि हे सगळं फुकट.

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ (२०१४) बघा. टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटी यांनी केलेला. आज्ञा शब्दांऐवजी चित्रांच्या ठोकळ्यांत. मांजर चालवा, नाचवा, तिला आपला आवाज द्या. ‘माइनक्राफ्ट’वर लिहिण्यासारखं खूप आहे, पण एकच सांगतो: लहान मुलासोबत असाल तर ‘क्रिएटिव्ह’ प्रकार निवडा, राक्षस बंद ठेवा, आणि घर बांधायचं काम मुलाकडे देऊन विटा तुम्ही वाहा. ‘खान अकॅडमी किड्स’ (२०१८) निर्मळ आणि जाहिरातमुक्त आहे, पण इंग्रजी; शेजारी इंग्रजी जाणणारं कोणी नसेल तर त्यातली अर्धी मजा जाते.

वाचनाचं एक साधन इथे येतं, जरी तो पुरता खेळ नाही. गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने काढलेलं आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेलं ॲप मूल मोठ्याने वाचतं ते ऐकतं, अडलं तर ‘दिया’ नावाची मुलगी मदत करते. मराठीही त्यात आहे. एकदा गोष्टी उतरवल्या की इंटरनेटची गरज नाही. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली तिसरीतली पोरगी अंगणात बसून मोठ्याने गोष्ट वाचते आणि अक्षर न ओळखणारी आई ऐकते, या प्रसंगात शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे उलटून जातं. मात्र ॲपमधले तारे मिळवण्याची घाई सुरू झाली की गोष्ट मागे पडते. म्हणून प्रत्येक पानानंतर थांबून ‘मग पुढे काय झालं असेल?’ हे आईने विचारावं, मराठीत नाही तर कोरकूत.

पैशाची बाजू ओंगळ आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच्या १३५ ॲपची तपासणी झाली, तेव्हा ९५ टक्क्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात सापडली. कुठे खेळाच्या मधोमध व्हिडिओ, कुठे ‘हे विकत घे’ म्हणणारं पात्र, कुठे रडणारं. फुकट खेळाची ही किंमत आहे, आणि ती मुलाकडून वसूल होते. आपल्याकडे त्याच फोनवर फोनपे असतं, त्याच फोनवर रमीच्या जाहिराती येत असत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते फार बरं झालं. त्याआधी २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पण कायदा परतवाड्याच्या मोबाईल दुकानात येऊन सेटिंग बदलून देणार नाही. ते आपणच करावं: खेळताना डेटा बंद ठेवा, बहुतेक जाहिराती तिथेच मरतात, खरेदीला पिन लावा, आणि ॲप पडद्यावर ‘पिन’ करून ठेवा, म्हणजे मूल त्यातून बाहेर पडून व्हॉट्सॲपवर मामाला भलतंच काही पाठवणार नाही. ज्यांना परवडतं त्यांनी विकतचा, जाहिरात नसलेला खेळ एकदाच घ्यावा. एका चांगल्या खेळाची किंमत पुष्कळदा महिन्याच्या रिचार्जहून कमी असते.

सेमाडोहला मुक्कामी येणाऱ्या शहरी कुटुंबांसाठी दोन शब्द वेगळे. रेंज नाही म्हणून पोरं कुरकुरतात, आई-बापही. अशा वेळी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ कामाला येतं. २०२१ पासून ते पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं, आणि भारताची यादी घरूनच उतरवून आणली तर जंगलात इंटरनेटशिवाय चालतं. खेळ असा करा: आधी घरातल्या प्रत्येकाने अंदाज सांगायचा, मग मर्लिनला विचारायचं. सोबत गावातला वाटाड्या असेल तर त्याचा अंदाज मर्लिनच्या आधी घ्या. तो पुष्कळदा जिंकतो. ॲपमधला आवाज पक्ष्यांना मोठ्याने वाजवून दाखवू नका, त्यांची विणीची गडबड होते. झाडा-किड्यांसाठी ‘सीक’ आहे. त्यात नाव-गाव भरावं लागत नाही आणि वेगवेगळ्या जाती सापडत गेल्या की बिल्ले मिळतात.

काही वर्षं अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा उभी केली. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांची साधनं केली. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळा गुरांमागे नेली. पडद्यावरच्या साधनांबाबत तेवढं धाडस आपण अजून केलेलं नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’सारखा जगात वाखाणला गेलेला खेळ केला, नवी मुंबईत लुडो किंग झाला, म्हणजे हात आपल्याकडे आहेत. चार वर्षांचं लेकरू आणि त्याची आई यांनी मिळून खेळावा, असा आपल्या मातीतला खेळ मात्र माझ्या पाहण्यात नाही, कोरकूतला तर लांबच.

सुरुवात मोठी असायची गरज नाही. जीकाँप्री मुक्त आहे, त्यातले आवाज वेगळ्या ध्वनिफितींत ठेवलेले असतात आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या भाषेत ते भरून दिले आहेत. त्यासाठी कोरकू छान बोलणारी एखादी आई, एक शिक्षक, एक बरा माइक आणि शांत खोली लागेल. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे काम घ्यावं, आणि तयार झालेली फाईल मेमरी कार्डावर भरून होळीच्या आधी मेळघाटातल्या अंगणवाड्यांत पोचवावी. होळीच्या दिवसांत आई-बाप घरी असतात.